अण्णांच्या लिफ्टा बंद पडत नाहीत

सर्वेश घागने आयुष्यात एकपण गोष्ट नीट सोडलेली नव्हती. शाळा सोडली ती नववीत, भूगोलाच्या तासाला, दप्तर बाकावर ठेवून. सरांनी विचारलं, "पाणी प्यायला चाललास का रे?" हा म्हणाला, "हो." ते पाणी अजून पिऊन झालेलं नाही. मग डोंबिवलीत एका मोबाईलच्या दुकानात लागला. तिथे मालक गिऱ्हाइकासमोर आईवरून बोलला, तर याने बाहेर येऊन शटर खाली ओढलं. मालक आत, गिऱ्हाईक आत, हा रिक्षात. क्रिकेटची टीम, गल्लीतलं मंडळ, एक मुलगी, सगळं असंच सुटलेलं. दार आपटून.

म्हणून रसिका हात धुऊन मागे लागलेली.

"यावेळी माणसासारखा राजीनामा द्यायचा," ती म्हणाली. रसिका त्याची मोठी बहीण. घोडबंदर रोडला एका ऑफिसात एचआरला होती, लोकांचे राजीनामे घेणं हाच तिचा धंदा. टिटवाळ्याच्या घरात ओट्यापाशी उभी राहून भाकऱ्या थापता थापता ती याला शिकवत होती. "आवाज चढवायचा नाही. कंटाळलो असं म्हणायचं नाही. खूप शिकायला मिळालं म्हणायचं. नोटीस पिरियड पूर्ण करायचा, आणि शेवटच्या दिवसापर्यंत असं काम करायचं, की कालच लागलायस."

"आणि अण्णा रडले तर?"

"मालक रडत नाहीत रे. विचार करतात."

"ताई, अण्णांबद्दल एक शब्द नको."

"बघ. चढला आवाज."

आता अण्णा म्हणजे अण्णा मोरजकर. ठाण्यात लोकमान्यनगरला त्यांचं छोटं दुकान, आणि धंदा लिफ्टच्या मेंटेनन्सचा. मोठ्या कंपन्या ज्या जुन्या बिल्डिंगांना हात लावत नाहीत, त्या सगळ्या अण्णांकडे. वर्तकनगर, कोपरी, डोंबिवली, कल्याण. बाप रिक्षात बसल्या बसल्या गेला तेव्हा सर्वेश सतरा वर्षांचा होता आणि काकालोक नंतर येतो म्हणून सांगत होते. अण्णा मात्र आले. ओळख एवढीच, की बापाच्या रिक्षाने ते कधीमधी साइटवर जायचे. स्मशानात शेवटपर्यंत उभे राहिले. तेराव्यानंतर पाने-पक्कडीची पिशवी याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "चल. शिकवतो." त्या दिवसापासून सर्वेशला अण्णांविरुद्ध काही बोललेलं खपत नव्हतं. एकदा कल्याणला एक सेक्रेटरी अण्णांना चोर म्हणाला, तर याने त्याची कॉलर पकडलेली. अण्णांनीच सोडवला. वर मिठाई नेऊन माफी मागायला लावली.

अण्णांचं एकच वाक्य सगळ्या ठाण्यात फेमस. "आपली लिफ्ट रात्रभर बंद राहत नाही." आणि खरंच राहायची नाही. फोन आला की सर्वेश बाईकवर टांग टाकायचा, आणि तासा-दोन तासांत लिफ्ट चालू.

कशी चालू, ते समजून घेतलं पाहिजे.

जुन्या लिफ्टला मजल्यामजल्यावर हाताने ओढायचा दरवाजा असतो. त्या दरवाजाला लॉक. दरवाजा उघडा असेल तर लॉकमधून करंट पुढे जात नाही, लिफ्ट हलत नाही. आणि लिफ्ट समोर नसेल तर लॉक दरवाजा उघडूच देत नाही. एवढंच. एवढ्यावर माणसं जिवंत आहेत. हे लॉक झिजलं की लिफ्ट अधूनमधून रुसते, आणि दरवाजाही कधीकधी समोर लिफ्ट नसताना उघडतो. खरं म्हणजे नवं लॉक टाकायला पाहिजे. पण नवं यायला वेळ लागतो, आणि आपली लिफ्ट तर रात्रभर बंद राहत नाही. मग गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायचं आणि पॅनलमध्ये वायरचा तुकडा लावून सगळी लॉकं बाजूला टाकायची. धंद्यात याला शॉर्ट मारणं म्हणतात. लिफ्ट लगेच पळते. फक्त दरवाजा उघडा आहे की बंद, ते तिला आता कळत नाही.

"दोन दिवसांसाठी टाक रे," अण्णा म्हणायचे. "लॉक मागवलंय."

लॉक यायचं नाही. लिफ्ट पळतेय म्हणून सोसायटीही विसरायची. तोवर दुसरीकडून फोन. असे किती शॉर्ट सर्वेशच्या हाताने पडले असतील. त्याला ते कधी खुपले नव्हते. रात्री झोप मस्त लागायची.

ती उडाली मोठ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूला. रसिकानेच चिकटवून दिलेला तो इंटरव्ह्यू. घोडबंदरचे नवे टॉवर, तिथल्या लिफ्टा, युनिफॉर्म, हेल्मेट, सगळं. समोर बसलेल्या साहेबाने सर्टिफिकेट विचारलं नाही, शाळा विचारली नाही. त्याला डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. त्याने एवढंच विचारलं, "कधी लॉक शॉर्ट केलंयस?"

"नाही सर."

"सगळे नाहीच म्हणतात," साहेब म्हणाला. हसला नाही. "माझाही एक मित्र म्हणायचा. बरं, पुढच्या महिन्यात जॉइन हो. जुन्या ठिकाणचं सगळं आवरून ये. मागे काही ठेवू नकोस."

बाहेर येऊन सर्वेशने बाईक काढली आणि माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर त्याला एकेक बिल्डिंग आठवायला लागली. कोपरीची, जिथे खाली क्लासची पोरं दंगा करतात. डोंबिवलीची, जिथे दुसऱ्या मजल्याचा दरवाजा नुसता ढकलला तरी उघडतो. सगळे शॉर्ट त्याच्याच हातचे. आणि तो निघून गेल्यावर ते कुठे कुठे आहेत हे माहीत असणारा माणूस उरणार नव्हता. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारून मारून शिव्या घातल्या तेव्हा कुठे त्याला सिग्नल सुटलेला कळला.

अण्णांना त्याने संध्याकाळी सांगितलं. रसिकाने पाठ करून घेतलेलं, तसंच्या तसं. खूप शिकायला मिळालं, तुमचे उपकार आहेत, महिनाभर थांबतो. अण्णा गल्ल्याशी बसून ऐकत होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. ऐकून झाल्यावर त्यांनी याच्या पाठीवर हात ठेवला.

"जा बाबा. पोरं मोठी झाली की जायचीच." मग चहा मागवला. कप उचलताना म्हणाले, "एकच मागणं आहे. जाताना माझी एकही लिफ्ट बंद ठेवून जाऊ नकोस. शोभेल असा जा."

"अण्णा, त्या आधी शॉर्ट तेवढे काढतो. सगळीकडचे."

अण्णांनी चहात फुंकर मारली. "कुठले शॉर्ट?"

सर्वेशला वाटलं मस्करी करतायत. तो हसला. अण्णा हसले नाहीत. "ऋतूला सगळं दाखव," एवढंच म्हणाले आणि फोन घेतला.

ऋतू म्हणजे ऋतुराज, अण्णांचा भाचा. नुकताच आयटीआय करून आलेला. हात चांगला, काम एकदम साफ, फक्त मामा दिसला की त्याचा आवाज बसायचा. सर्वेशने त्याला मागे बसवून सगळ्या बिल्डिंगा फिरवल्या. प्रत्येक मशीनरूममध्ये पॅनल उघडून दाखवलं. "हा बघ शॉर्ट. हा मी टाकलेला. आता मीच काढणार."

"लिफ्ट बंद पडेल ना दादा."

"पडू दे. लॉक दुरुस्त करू, मग चालू."

"मामा ओरडतील."

"मामा ओरडतात, मारत नाहीत. घाबरतोस काय एवढा?"

नवी लॉकं मागितली तर अण्णा म्हणाले, जाणाऱ्याने ऑर्डरी द्यायच्या नसतात. मग सर्वेशने दुकानाच्या माळ्यावरचं भंगार उपसलं. जुनी लॉकं खोलून, यातली स्प्रिंग त्यात, त्यातली पट्टी यात, घासून, वाकवून कामाला लावली. लिफ्टा बंद राहायला लागल्या. कधी दिवसभर, कधी दोन दिवस. म्हातारी माणसं जिन्यात बसून शिव्या घालायची. डोंबिवलीला एका बाईने वरून विचारलं, "काय हो, चालू लिफ्ट बंद करायला येता का तुम्ही?" अण्णांचे फोन आधी गोड, मग आंबट, मग यायचेच बंद झाले. दुकानात सर्वेश आला की अण्णा पेपर उघडायचे.

पण एक गोष्ट मस्त झाली. भंगारातून जोडलेली ती लॉकं पहिल्यांदा कुरकुरायची. याने दुरुस्त केलेली लिफ्ट दुसऱ्या दिवशी परत अडकायची, तक्रार यायची, अण्णा म्हणायचे, "ऋतू बघेल, तू पुढचं बघ." आणि त्यानंतर एकदम शांत. परत तक्रारच नाही. सर्वेशला वाटलं, बसलं लॉक, घासून घासून बसलं. स्वतःवरच खूश झाला. घरी रसिकाला म्हणाला, "तुझ्या त्या भाषेत काय म्हणतात, क्लीन एक्झिट. एकदम क्लीन चाललोय."

रसिका जेवताना थांबली. "अण्णा काय म्हणाले?"

"काही नाही. उलट शेवटच्या दिवशी कार्यक्रम ठेवलाय. शाल वगैरे."

"एवढं नुकसान केलंस आणि शाल?"

"त्यांचं मन मोठंय."

"सर्व्या, माझ्या ऑफिसात जाणाऱ्या माणसाशी कोणी एकदम गोड वागायला लागलं ना, की मी त्याची फाईल परत वाचते."

"तू परत सुरू झालीस." तो ताटावरून उठला. पण हात धुताना त्याला दुपारची गोष्ट आठवली. दुकानाच्या पायरीवर तो बूट बांधत होता आणि आत अण्णा फोनवर कोणाला तरी सांगत होते, "त्या लिफ्टचं मला नाही हो काही माहीत. पहिल्यापासून सगळं सर्वेशच बघतो. माझा विश्वास होता त्याच्यावर." होता. सर्वेशने तो शब्द ऐकलेला आणि बुटाची नाडी परत सोडून परत बांधलेली. मग स्वतःलाच म्हणाला, माणूस घाईत काहीही बोलतो.

शेवटच्या दिवसासाठी त्याने वर्तकनगरची मैत्रेयी सोसायटी ठेवलेली. त्याची आवडती. सेक्रेटरी सुहासिनीकाकू, रिटायर शिक्षिका, हा आला की लाडू काढून ठेवायच्या आणि शाळा का सोडलीस म्हणून दर वेळी नव्याने रागवायच्या. त्यांचे मिस्टर, सगळे त्यांना आबा म्हणायचे. आबांना डोळ्यांनी फार थोडं दिसायचं. काठी घेऊन रोज सकाळ-संध्याकाळ खाली बागेत जायचे. तिसऱ्या मजल्यावर उभं राहून बटण दाबायचं, लिफ्टचा आवाज जवळ आला की दरवाजा ओढायचा, आणि आवाज थांबला की पाय टाकायचा. कानावरच सगळं.

सकाळी तो गच्चीवर गेला. मशीनरूम उघडली. पॅनलमध्ये त्याचा जुना शॉर्ट होता, काळी टेप गुंडाळलेला, त्याच्याच हातचा. त्याने तो उपटला आणि खिशात घातला. आता लिफ्ट अडकणार, मग मजल्यामजल्यावर जाऊन कुठलं लॉक मेलंय ते शोधायचं, असा हिशोब.

कोणीतरी खालून बटण दाबलं. मोटर फिरली. दोर पळायला लागले.

अरे वा, सर्वेश मनात म्हणाला, लॉक जिवंत आहे की. उगाच एवढी वर्षं शॉर्ट ठेवला. त्याने दोर जातात त्या भोकातून सहज खाली बघितलं. खाली काळोख. आणि त्या काळोखात मध्येच एका मजल्यावर उजेडाची उभी पट्टी पडलेली. दरवाजा उघडल्यावर पडते तशी. पट्टी रुंद होत होती, आणि लिफ्ट चालूच होती.

त्याचा हात मेन स्विचवर कधी गेला ते त्याला कळलं नाही. मोटर थांबली. तो जिन्याने खाली सुटला. शेवटच्या जिन्यावरून तर त्याने पायऱ्या न मोजता उडीच मारली.

तिसऱ्या मजल्यावर आबा उभे होते. डाव्या हाताने दरवाजा पूर्ण उघडून धरलेला, उजव्या हातात काठी. समोर लिफ्ट नव्हती. नुसते दोर लोंबत होते. आबांनी चप्पल घातलेला एक पाय पुढे काढून हळूहळू चाचपत ठेवला होता, उंबऱ्याच्या पलीकडे.

"कोण रे?" ते म्हणाले. "आवाज तर थांबला. पाय का टेकत नाहीये?"

सर्वेशने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं, इतक्या जोरात की दोघं भिंतीवर आपटले. काठी निसटली आणि उघड्या दरवाजातून गेली. खाली खड्ड्यात पडायला तिने किती वेळ घेतला. आबा ऐकत राहिले. आवाज झाल्यावर त्यांनी सर्वेशचा हात घट्ट धरला आणि मग बराच वेळ सोडला नाही.

याने त्या मजल्याच्या लॉकचं झाकण खोललं. आत वायरचा छोटा तुकडा. नवा, लाल, टोकं एकदम साफ वळवलेली. कोणाला गच्चीवरच्या पॅनलमध्ये दिसू नये म्हणून इथे, लॉकच्या पोटात घातलेला. असं साफ काम सर्वेशला जन्मात जमलं नसतं.

त्याने ऋतूला फोन लावला.

"लाल वायर तुझी?"

पलीकडून ऋतू म्हणाला, "दादा, मला वाटलं तुला माहितीय."

"काय माहितीय?"

"मामांनी सांगितलेलं. तू वरचा काढलास की मी जाऊन खालचा टाकायचा. लिफ्ट बंद राहता कामा नये म्हणाले. म्हणाले, सर्वेशचंच तसं ठरलंय."

"आणि इथे मैत्रेयीत तर मी आज काढला."

"तिथे मी कालच टाकलेला. तू आज येणार म्हणून."

सर्वेश पायरीवर बसला. "किती ठिकाणी, ऋतू?"

"जिथे जिथे तू काढलेस तिथे."

म्हणजे ती भंगारातली लॉकं कुठे बसलीच नव्हती. तो महिनाभर ज्याच्यावर खूश होता, ते सगळं खोटं. कोपरीला क्लासची पोरं असतील आत्ता. डोंबिवलीचा तो दरवाजा. सगळ्या लिफ्टा या क्षणाला मजेत वरखाली पळत होत्या.

"नीट ऐक," तो ऋतूला म्हणाला. "बाईक काढ आणि निघ. जिथे जाशील तिथे पहिल्यांदा मेन पाड. मग वायरी काढ. कोणी शिव्या घातल्या तर माझं नाव सांग."

"हो दादा."

सुहासिनीकाकू दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलेलं. सर्वेशने खिशातला तुकडा काढून दाखवला. "काकू, वरचा हा माझा. अण्णांनी सांगितलं, पण हाताने मीच टाकला. खालचा दुसऱ्याने टाकला. लिफ्ट बंद केलीय, फ्यूज मी काढून नेतोय. नवी लॉकं येईपर्यंत कोणाला चालू करू देऊ नका."

काकू त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. "आणि दर महिन्याला तू 'लिफ्ट ठीक आहे' म्हणून माझी सही घेऊन जायचास."

"हो."

त्या आज रागावल्या नाहीत. आबांना आत नेलं आणि दार लावून घेतलं.

वाटेत लागणाऱ्या बिल्डिंगांच्या लिफ्टा सर्वेशने स्वतः बंद केल्या. एका ठिकाणी वॉचमनशी मारामारी होता होता राहिली, एका ठिकाणी सेक्रेटरी पोलीस बोलावतो म्हणाला. हा म्हणाला, बोलवा. दुकानात पोचला तेव्हा ऊन उतरलेलं. दारात खुर्च्या मांडलेल्या. बाजूचे दुकानदार, दोन-तीन सोसायट्यांची माणसं, टेबलावर वडे, हार, शाल. आणि खुर्च्या कोण मांडतंय, तर ऋतू.

"तू इथे?"

ऋतूने खुर्ची खाली ठेवली. वर बघेना. "मामांना आधी विचारलं. म्हणाले, तू थांब, मी बघतो."

"मामा कुठायत?"

"बाहेर गेलेत. स्वतः."

अण्णा जरा वेळाने आले. सगळे उभे राहिले. अण्णांनी कोपऱ्यातल्या नळावर साबणाने हात धुतले, परत धुतले. सर्वेश बघत होता. याला शिकवून झाल्यापासून अण्णांनी पाना हातात धरलेला त्याने बघितला नव्हता, आणि आज त्यांच्या नखांतून ग्रीस निघत नव्हतं.

"चला, उशीर झाला," अण्णा म्हणाले. मग भाषण केलं. चांगलं केलं. हा पोरगा माझ्याकडे आला तेव्हा मिसरूड नव्हतं, बाप गेलेला, मी पोटच्या पोरासारखा वाढवला. ऐकताना शेजारच्या मेडिकलवाल्याने डोळे पुसले. सर्वेशही ऐकत राहिला, कारण त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

अण्णांनी हार घातला. शाल पांघरली. पांघरताना जवळ आले, शाल नीट करत, आणि त्याच्या कानाशी फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "सगळ्या सोसायट्यांना सांगितलंय. तू नाराज होऊन चाललायस, जाताना लिफ्टांमध्ये काहीतरी करून ठेवलंयस. मी आपला एकेक सुधारत फिरतोय. आता जे होईल ते तुझ्या नावावर. हस. फोटो काढतायत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला. सर्वेश हसला की नाही ते फोटोतच कळेल.

"कुठून आलात अण्णा?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. एवढा खालचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "हात कुठे काळे केलेत?"

"वर्तकनगरला. म्हातारी माणसं आहेत तिथे. लिफ्टशिवाय हाल होतात."

सर्वेशने फोन काढला. सुहासिनीकाकूंनी लगेच उचलला. "अरे सर्वेश, लिफ्ट सुरू झाली. मी नको म्हणत होते, पण कमिटीचे लोक ऐकेनात. तुझे अण्णा स्वतः नवे फ्यूज घेऊन आले होते. ते म्हणाले की तू..."

"काकू, आबा कुठेत?"

"खाली. बागेत. येतीलच एवढ्यात."

"दाराबाहेर जा. आत्ता. लिफ्टच्या दरवाजाला पाठ लावून उभ्या राहा."

फोनमधून त्यांच्या सपाता वाजल्या. कडी निघाली. मग लिफ्टच्या मोटरची घरघर ऐकू आली, लांबून, वर चढत येणारी. काकूंनी हाक मारली, "अहो!" परत मारली. सर्वेशच्या अंगावर शाल, गळ्यात हार, आणि वडा खाणारी माणसं याच्या तोंडाकडे बघत थांबलेली. घरघर थांबली. कुठेतरी दरवाजा वाजला.

मग एक धापा टाकणारा आवाज आला. "ओरडतेस कशाला गं? जिन्याने येतोय. त्या लिफ्टमध्ये मी पाय ठेवणार नाही. तो पोरगा सकाळी थरथरत होता. खोटं बोलणाऱ्याचा हात असा थरथरत नाही."

"मग वरती कोण गेलं?" काकू विचारत होत्या.

"चौथ्यावरचे असतील," आबा म्हणाले.

सर्वेशने काकूंना सांगितलं, सगळ्या मजल्यांवर ओरडून सांगा, आणि लाइटचा मेन पाडा, सगळ्या बिल्डिंगचा पाडा. फोन ठेवला. अण्णा एका गिऱ्हाइकाला वडा वाढत होते.

"अण्णा, तुम्ही मला लिफ्ट शिकवलीत," सर्वेश म्हणाला, आता सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ते मी विसरणार नाही. पण शॉर्ट मी टाकलेत हे मी प्रत्येक सोसायटीत जाऊन सांगणार. पोलिसांतपण. नव्या कंपनीतपण. माझ्या नावावर हवंय ना तुम्हाला? घ्या. आणि तुमच्या सांगण्यावरून टाकलेत तेपण सांगणार."

"नव्या कंपनीत सांगशील तर उद्या दारात उभा करणार नाहीत तुला."

"माहितीय."

"माझ्यामुळे तू जगलास रे, सर्व्या." अण्णांच्या हातातला वडा तसाच राहिला. आवाज कापला, आणि तो खराच कापला.

"हो अण्णा."

मेडिकलवाला हळूच उठून गेला. अण्णांचा फोन टेबलावर थरथरायला लागला, एक थांबला की लगेच दुसरा. कुठल्या कुठल्या सोसायट्यांची नावं उजळत होती. लिफ्ट कधी चालू करताय म्हणून असेल, नाहीतर दुसरं काही असेल. अण्णा तो उचलत नव्हते.

सर्वेश बाहेर आला, बाईक काढली. शाल काढायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. मागची सीट दबली. बघतो तर ऋतू, हातात पान्यांची पिशवी, तोंड पांढरंफटक. मामाकडे त्याने मान वळवून बघितलं नाही.

"दादा," तो म्हणाला, "पहिली कुठली?"

शाळा, क्लास सुटायची वेळ झालेली. सर्वेशने किक मारली.

"पोरं जास्त आहेत ती."